वरच्या दाढेच्या जागी हाडच उरलं नाही तर? सायनस लिफ्ट, सोप्या भाषेत

वरची दाढ काढून सात-आठ वर्षं झालेली असतात. आता तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात रुतणारं कृत्रिम मूळ, बसवून घ्यावं म्हणून माणूस दवाखान्यात येतो, स्कॅन होतो आणि डॉक्टर सांगतात, "इथं हाड कमी आहे. आधी सायनस लिफ्ट करावी लागेल." दातासाठी आलो होतो, मधेच हे सायनसचं ऑपरेशन कुठून निघालं? दंतवैद्य म्हणून हा प्रश्न मी खुर्चीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर कायम वाचते. काही जण विचारतात: डोळ्याला धक्का लागेल का, कायमची सर्दी मागे लागेल का, मेंदू जवळच आहे ना? काही जण काहीच विचारत नाहीत आणि परत येत नाहीत. त्या न विचारणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे. थोडक्यात, सायनस लिफ्ट म्हणजे वरच्या दाढांवर असलेल्या पोकळीचा तळ जरा वर उचलून त्याखाली हाडाची भुकटी भरणं, म्हणजे इम्प्लांटला पुरेसं हाड मिळतं.

गालाच्या हाडाआतली पोकळी

नाकाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या खाली आणि वरच्या दाढांच्या वर, हाडाच्या आत एकेक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. मोठ्या माणसात तिचं आकारमान साधारण १२ ते १५ मिलिलिटर आणि आत फक्त हवा. तिचं छत म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा तळ. तिचा स्वतःचा तळ म्हणजे वरच्या दाढांच्या मुळांवरचं हाड. पहिल्या आणि दुसऱ्या दाढेची मुळं या तळाला इतकी लागून असतात की काही जणांमध्ये मधे जेमतेम मिलिमीटरभर हाड असतं. वरची दाढ किडून मुळाशी पू झाला की कधीकधी त्याच बाजूची नाकपुडी वाहायला लागते ती यामुळेच. उलट, सर्दीने सायनस सुजला की वरच्या सगळ्या दाढा एकदम ठणकतात आणि माणूस चांगली दाढ काढायला दवाखान्यात येतो.

मेंदूची भीती मात्र जुनी आहे. या पोकळीचं सविस्तर वर्णन १६५१ साली इंग्लंडमधल्या नथॅनिएल हायमोर या वैद्याने छापलं. त्याच्या एका रुग्ण बाईचा वरचा सुळा काढल्यावर त्या भोकातून सतत स्राव झिरपत राहिला. तिने पिसाची काडी आत घालून पाहिली, ती आत जातच राहिली, आणि आता ही मेंदूत शिरते की काय म्हणून ती घाबरून गेली. हायमोरने तिला पोकळीची रचना समजावून सांगितली. मेंदू तिथे नाही. मधे पूर्ण पोकळी आहे आणि तिच्याही वर डोळ्याची खोबण आहे. सायनस लिफ्टचं काम या पोकळीच्या अगदी तळाशी चालतं, डोळ्यापासून बरंच खाली.

या पोकळीला आतून एक पातळ अस्तर असतं. पुढे मी त्याला पडदा म्हणेन, कारण दवाखान्यात आम्ही तेच म्हणतो. निरोगी माणसात त्याची जाडी बहुधा मिलिमीटरपेक्षाही कमी असते. त्याला श्नायडेरियन मेम्ब्रेन असं नाव आहे ते सतराव्या शतकातल्या कॉनराड श्नायडर या जर्मन वैद्यावरून. शेंबूड मेंदूतून खाली उतरतो असं तोवर मानलं जाई. तो नाकातल्या अस्तरातच तयार होतो हे श्नायडरने दाखवून दिलं. या पडद्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात. ते आतला स्राव सतत वर ढकलत राहतात, कारण पोकळीचं नाकात उघडणारं भोक तळाशी नसून वरच्या अंगाला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोकळीचा तळ काही मिलिमीटर उचलला तरी निचऱ्याची वाट बंद होत नाही, ती याच रचनेमुळे.

हाड जातं कुठे

दात ज्या हाडात रुतलेला असतो ते हाड दातासाठीच असतं. रोज चावण्याचा दाब मुळावाटे हाडाला मिळतो आणि हाड टिकतं. दात काढला की हा दाब थांबतो आणि शरीर ते हाड हळूहळू काढून घेतं. पहिल्या वर्षात हिरडीखालच्या या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढे वेग मंदावतो, पण झीज चालूच राहते. वर्षानुवर्षं कवळी घालणाऱ्यांमध्ये तर कवळीचा दाब हिरडीवरून हाडावर पडतो आणि झीज आणखी वाढते.

खालच्या जबड्यात एवढ्यावर भागतं. वरच्या जबड्यात मात्र हाड दोन्हीकडून जातं. खालून हिरडीच्या बाजूने झीज होते आणि वरून सायनसची पोकळी रिकाम्या जागेत खाली पसरते. दहा-बारा मिलिमीटरचं हाड दोन-तीन मिलिमीटरवर आलेलं मी पाहिलं आहे. शिवाय वरच्या दाढांच्या भागातलं हाड मुळातच जबड्यातलं सगळ्यात मऊ हाड असतं, आणि चावण्याचा सर्वांत जास्त जोर येतो तोही दाढांवरच.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवलेला. तो हाडाशी एकजीव होतो हे स्वीडनमधल्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९५०च्या दशकात सशांवर काम करताना पाहिलं आणि १९६५ साली गोथेनबर्ग इथे पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. नेहमी वापरले जाणारे स्क्रू साधारण ८ ते १२ मिलिमीटर लांब असतात. तीन मिलिमीटर हाडात दहा मिलिमीटरचा स्क्रू बसवला तर उरलेला भाग सायनसमध्ये लोंबेल. असा स्क्रू पकड घेत नाही. क्वचित तो आख्खाच्या आख्खा पोकळीत सरकतो आणि मग तो काढायला वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते.

सगळं ठरवणारा आकडा

म्हणून या उपचारात एक आकडा रुग्णाला पाठ हवा: हिरडीपासून सायनसच्या तळापर्यंत किती मिलिमीटर हाड उरलं आहे. डॉक्टरांना तो स्पष्ट विचारा आणि स्कॅनवर दाखवायला सांगा.

हाड आठ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेक वेळा सायनसला हात लावायची गरज पडत नाही. पाच ते आठच्या दरम्यान असेल तर इम्प्लांटसाठी केलेल्या भोकातूनच, खालून, तळ थोडा उचलता येतो. चार-पाचपेक्षा कमी असेल तर गालाच्या बाजूने हाडात खिडकी पाडून मोठी लिफ्ट करावी लागते. या सीमा दगडावरच्या रेषा नाहीत. हाडाची घनता, रुंदी, किती दात हवेत, आणि सर्जनचा हात कशात बसलेला आहे, यावर निर्णय इकडेतिकडे होतो. पण सात मिलिमीटर हाड असताना खिडकीची मोठी शस्त्रक्रिया सुचवली जात असेल, तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हा आकडा साध्या ओपीजीवरून, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेवरून, ठरवू नये. ओपीजी सपाट चित्र आहे, त्यात लांबी-उंची थोडी वाढीव दिसते आणि जाडी अजिबात दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. त्यात आणखी तीन गोष्टी कळतात. पोकळीच्या तळावर हाडाच्या आडव्या-उभ्या भिंती असतील तर त्या दिसतात. १९१० साली आर्थर अंडरवुड यांनी त्यांचं वर्णन केलं आणि बऱ्याच लोकांत त्या असतात. अशा भिंतीवर पडदा घट्ट चिकटलेला असतो आणि उचलताना तिथेच फाटतो. बाहेरच्या भिंतीतून जाणारी बारीक रोहिणी कुठे आहे तेही दिसतं, म्हणजे खिडकी पाडताना ती टाळता येते. आणि पडदा सुजलेला आहे का, पोकळीत स्राव साचला आहे का, हे समजतं. साचला असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं, सायनस बरा करायचा, मग पुढे. चिघळलेल्या सायनसमध्ये हाडाची भुकटी भरणं म्हणजे जंतूंना आयतं घर देणं.

प्रत्यक्ष काय करतात

१९७६ साली अमेरिकेत अलाबामातल्या एका परिषदेत हिल्ट टेटम यांनी हे तंत्र मांडलं. फिलिप बॉइन आणि रॉबर्ट जेम्स यांनी १९८० साली त्यावरचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या सुरुवातीच्या काळात हाड रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढून आणत. आज बहुतेकांना त्याची गरज पडत नाही आणि सगळं काम दाताच्या भुलेवर, तासा-दीड तासात होतं.

खिडकीच्या पद्धतीत हिरडी थोडी उघडून गालाच्या बाजूचं हाड दिसेल असं करतात. तिथे नखाएवढी खिडकी कोरतात, पण फक्त हाड कापायचं आणि मागचा पडदा शाबूत ठेवायचा. आता बरेच जण यासाठी पिएझो यंत्र वापरतात. त्याच्या टोकाची सूक्ष्म कंपनं कठीण हाड कापतात आणि मऊ पडद्याला सहसा इजा करत नाहीत. मग बोथट, वाकड्या अवजारांनी पडदा तळापासून कडेकडेने सोडवत वर उचलतात. शिकाऊ डॉक्टर हा सराव कच्च्या अंड्यावर करतात: कवचात खिडकी पाडायची आणि आतला पापुद्रा न फाडता सुटा करायचा. पडदाही तितकाच नाजूक असतो. तो उचलला गेला की खाली जी जागा मोकळी होते तिथे हाडाची भुकटी भरतात, खिडकीवर कोलाजेनचं पटल ठेवतात आणि टाके घालतात. मुळात चार-पाच मिलिमीटर हाड असेल आणि स्क्रूला घट्ट पकड मिळत असेल तर इम्प्लांट त्याच बैठकीत बसवता येतो. नसेल तर सहा-आठ महिने थांबून.

खालच्या बाजूने करायची पद्धत रॉबर्ट समर्स यांनी १९९४ साली मांडली. इम्प्लांटचं भोक सायनसच्या तळाच्या अलीकडे थांबवायचं आणि गोल अवजार हलक्या हातोडीने ठोकून तळाचा पातळ पापुद्रा पडद्यासकट दोन-तीन मिलिमीटर वर ढकलायचा. जखम लहान, सूज कमी. मात्र ते ठोके डोक्यात जाणवतात आणि काही जणांना पुढचे काही दिवस कूस बदलताना गरगरतं. आतल्या कानातले सूक्ष्म खडे जागचे हलल्याने ही चक्कर येते आणि ती बरी होते, पण आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो. आता हातोडीऐवजी खास ड्रिलने किंवा सलाईनच्या दाबाने पडदा उचलायच्या पद्धतीही आहेत.

सगळ्यात नेहमीची अडचण म्हणजे पडदा फाटणं. खिडकीच्या पद्धतीत साधारण पाचांत एका शस्त्रक्रियेत हे घडतं, अनुभवी हातांतही. भोक लहान असेल तर पडदा दुमडून किंवा कोलाजेनचं ठिगळ लावून काम पुढे जातं. मोठं असेल तर चांगला सर्जन तिथेच थांबतो, टाके घालतो आणि काही महिन्यांनी पडदा भरून आल्यावर पुन्हा करतो. शस्त्रक्रिया अर्धवट सोडली म्हणून रुग्ण नाराज होतात. मला विचाराल तर, थांबणाऱ्या डॉक्टरवर जास्त विश्वास ठेवा. फाटक्या पडद्यातून भुकटी पोकळीत सांडली की ती सायनस महिनोन्‌महिने छळते.

भुकटी कशाची असते

हा प्रश्न आपल्याकडे मोकळेपणाने विचारला जात नाही आणि डॉक्टरही बऱ्याचदा नुसतं "बोन ग्राफ्ट" म्हणून पुढे जातात. भुकटीचे चार प्रकार आहेत. स्वतःचं हाड, बहुधा खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून किंवा हनुवटीतून घेतलेलं. दुसऱ्या माणसाचं, म्हणजे मरणोत्तर दानातून आलेलं आणि ऊतिपेढीत प्रक्रिया केलेलं. प्राण्याचं, ज्यात जगभर सर्वाधिक वापरलं जातं ते गोवंशाच्या हाडापासून केलेलं. आणि कारखान्यात तयार केलेलं कॅल्शियम-फॉस्फेटचं कृत्रिम द्रव्य.

गोवंशाच्या हाडातली सगळी प्रथिनं उष्णतेने आणि रसायनांनी काढून टाकलेली असतात, उरतो फक्त खनिज सांगाडा. वैद्यकीय दृष्टीने ते उत्तम आहे, त्यावर अनेक वर्षांचा अभ्यास आहे. कोलाजेनचं पटल बहुधा डुकराच्या किंवा गाईच्या ऊतीचं असतं. पण हिंदू, जैन, मुस्लिम, शाकाहारी माणसाच्या श्रद्धेशी याचा सरळ संबंध येतो, आणि शस्त्रक्रियेनंतर एखाद्या वेष्टनावर वाचून हे कळावं ही फार वाईट गोष्ट आहे. संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा: भुकटी कशाची, पटल कशाचं? कृत्रिम पर्याय मिळतो, तो सायनसमध्ये चांगलं काम करतो, आणि तो मागण्यात संकोच वाटायचं कारण नाही. सोबत तुमच्याच दंडातून काढलेलं रक्त फिरवून तयार केलेला पीआरएफ नावाचा घट्ट साका बरेच जण वापरतात. जखम लवकर भरायला त्याची मदत होते. एकटा तो सगळीकडे भुकटीची जागा घेईल असं मात्र समजू नये.

भुकटी कोणतीही असो, ती सिमेंटसारखी घट्ट होऊन हाड बनत नाही. ती फक्त जागा धरून ठेवते. हाड येतं ते तुमच्याच जबड्याच्या भिंतींतून: तिथून रक्तवाहिन्या भुकटीच्या कणांमध्ये शिरतात, पेशी येतात आणि कणांभोवती नवं हाड रचतात. स्वीडनमधल्या स्टीफन लुंडग्रेन यांच्या गटाने २००४ साली दाखवलं की पडदा उचलून खाली नुसती रक्ताची गुठळी टिकून राहिली, इम्प्लांटने तंबूच्या खांबासारखा पडदा वर धरून ठेवला, तरी तिथे हाड तयार होतं. सहा महिने थांबायला सांगतात ते या पेशींसाठी. तो काळ पैसे देऊन कमी करता येत नाही.

इथे परदेशातल्या आपल्या लोकांना खास सांगायचं आहे. अमेरिकेतून किंवा आखातातून तीन आठवड्यांच्या सुट्टीत येऊन "दातांचं सगळं उरकून घेऊ" असा बेत अनेकांचा असतो. रूट कॅनाल उरकतं, कॅप उरकते. सायनस लिफ्ट उरकत नाही. किमान दोन फेऱ्या, मधे सहा-आठ महिने, आणि लिफ्टनंतर लगेच विमानप्रवास नाही, कारण केबिनमधल्या बदलत्या दाबाचा ताण ताज्या पडद्यावर येतो. किती आठवडे थांबायचं ते सर्जनला विचारून मगच परतीचं तिकीट काढा.

पहिले पंधरा दिवस

गाल सुजतो, तिसऱ्या दिवसापर्यंत वाढतो, मग उतरतो. गालावर निळा-पिवळा डाग येतो. नाकातून थोडं रक्त येऊ शकतं. हे सगळं अपेक्षित आहे. खरी काळजी नाकातल्या दाबाची घ्यायची. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, दाबायची नाही. स्ट्रॉने प्यायचं नाही, जोराने चूळ भरायची नाही, झोपताना उशी उंच घ्यायची.

छापील सूचनापत्रकं बहुधा परदेशी मजकुरावरून उतरवलेली असतात, त्यामुळे आपल्याकडच्या काही गोष्टी त्यात नसतात. कपालभाती आणि भस्त्रिका बंद, जलनेती तर नक्कीच बंद. रोज नेमाने करणारी मंडळी हे विसरतात, कारण त्यांना तो व्यायाम वाटतो, नाकावरचा दाब वाटत नाही. आरतीला शंख फुंकायचा नाही. बासरी, सनई, तुतारी वाजवणाऱ्यांनी तारीख घेतानाच डॉक्टरांना सांगावं. गणपतीच्या दिवसांच्या तोंडावर ही शस्त्रक्रिया करू नये. तपकीर ओढायची नाही.

आणि तंबाखू. सिगारेटने पडद्यावरचे ते बारीक केस मंदावतात आणि जखमेचा रक्तपुरवठा घटतो. गुटखा आणि मळलेली तंबाखू टाक्यांच्या शेजारीच गालात धरली जाते. मिश्री लावणाऱ्या बायकांना तर "तंबाखू खाता का?" असं विचारलं की त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची असते. ती भाजलेली तंबाखूच आहे. निदान शस्त्रक्रियेच्या आधी काही आठवडे आणि नंतर हाड भरेपर्यंत ती थांबली पाहिजे, नाहीतर सगळा खर्च पाण्यात जाण्याची शक्यता बरीच वाढते.

काही लक्षणं दिसली तर वाट पाहू नका: पाणी पिताना ते नाकातून येणं, नाकातून वाळूसारखे कण पडणं, एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव, ताप, किंवा तिसऱ्या दिवसानंतर उतरण्याऐवजी वाढणारी सूज.

कुणी थांबावं, कुणी दुसरी वाट घ्यावी

साखर ताब्यात नसेल तर आधी ती आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन घेत असाल तर ते आवर्जून सांगा. ही औषधं जबड्याचं हाड भरून येण्यात अडथळा आणू शकतात, आणि आमच्या आया-आत्यांना ती "हाडाची ताकदीची गोळी" म्हणूनच माहीत असतात, त्यामुळे त्या यादीत सांगायच्या राहून जातात.

लिफ्ट न करताही मार्ग असतात. सहा मिलिमीटरचे आखूड इम्प्लांट आता बरेच वापरले जातात आणि पुरेसं हाड असेल तिथे ते चांगले टिकतात. वरचे सगळेच दात गेले असतील तर मागचे इम्प्लांट तिरके बसवून सायनस टाळता येतो. हाड अगदीच नसेल तर गालाच्या हाडात रुतणारे झायगोमॅटिक इम्प्लांट असतात, पण ते फार निवडक हातांचं काम आहे. शेजारचे दात भक्कम असतील तर ब्रिज होतो. आणि ऐंशीच्या घरातल्या, अनेक आजार असलेल्या माणसाला नीट बसणारी कवळी हाच योग्य उपचार असू शकतो. तो कमी प्रतीचा उपचार नाही.

दुसरं मत हवं असेल तर मुंबई आणि नागपूरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. सीबीसीटीची फाइल सोबत न्या, नुसता छापील कागद नको. खर्चाचा अंदाज घेताना लिफ्ट, भुकटी, पटल, इम्प्लांट आणि वरची कॅप यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी अपघाताखेरीज दातांचा खर्च देत नाहीत, तेही आधीच तपासा.

योग्य रुग्णात, योग्य हातांनी केलेल्या लिफ्टवरचे दहापैकी नऊहून जास्त इम्प्लांट टिकतात. कॅप बसल्यावर दर सहा महिन्यांनी तपासणी आणि सफाई करायची, कारण किडत नसला तरी इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजते आणि मिळवलेलं हाड पुन्हा झिजू शकतं. आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्यातून दोन स्टिकर मागून घ्या, एक इम्प्लांटचा, एक भुकटीचा. त्यावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो. दहा वर्षांनी नाशिकच्या माणसाचा स्क्रू बंगळुरात सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरला कोणता स्क्रूड्रायव्हर लावायचा हे त्या स्टिकरवरूनच कळतं.